दुर्गम म्हणजे कुठून लांब?

माझं मूळ गाव दर्यापूर तालुक्यातलं, भर खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की गुळणी करून टाकावंसं वाटे. १९८९ साली, चोविसाव्या वर्षी, मला जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरकी मिळाली आणि नेमणूक आली मेळघाटात. घरात सुतकी कळा पसरली. आई म्हणाली, "बापा, त्या जंगलात तुले काही झालं तर कोन पाहीन?" मामा म्हणाले, "दोन वरीस काढ, मंग वशिला लावू." वशिला लागला नाही. पुढे लागण्याजोगा झाला तेव्हा मीच लावू दिला नाही. दोन खेपांत मिळून तिथे १९ वर्षं काढली.

गाव कोरकूंचं. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, अकोटच्या बाजूनं डोंगर चढलं की लागायचं. 'लागायचं' म्हणतो, कारण आता ते तिथे नाही. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी ते आपल्याजवळ ठेवलेलं बरं. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, वेळ भरपूर आहे. शिकवायला गेलो होतो. शिकलो काय, ते एक ते दहा लिहून काढतो.

१. दुर्गम कोण, ते आधी ठरवून घ्यावं

नेमणुकीच्या आदेशावर 'दुर्गम क्षेत्र' असा शब्द होता. गावाचा जिल्हा अमरावती, तालुका चिखलदरा. पण रस्ता अकोल्याचा. पावसाळ्यात आपल्याच तालुक्याच्या गावी जायचं तर आधी अकोटला उतरायचं, मग अंजनगाव, परतवाडा करत पुन्हा घाट चढायचा. मी अकोटहून जीपनं पोपटखेड गाठलं आणि पुढे पायी निघालो. ट्रंक एका पोऱ्याच्या डोक्यावर.

दिवेलागणीला पोचलो. समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी, मधे रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता, बांबूच्या ताट्यांवर मातीशेणाचा गिलावा. आमच्या गावात दोन घरं कधी एका रेषेत उभी राहिली नव्हती. एका खाटेवर पटेलबाबा बसले होते. त्यांनी विचारलं, "किधर से आये गुरुजी?" मी म्हटलं, "दर्यापूर." त्यांनी जरा विचार केला. "बहुत लंबा है. उधर रहने को कैसे जमता तुमको?"

मी हसलो. ते हसले नाहीत. हरभरा सोंगायला ते एकदा आमच्याकडे येऊन गेले होते. झाड नाही, सावली नाही, जळतण विकत घ्यायचं आणि पाणी खारट, असा तो मुलूख त्यांनी पाहिला होता. माझी त्यांना खरोखर कीव आली होती. त्यांनी लोटाभर पाणी पुढे केलं. मी एक लोटा संपवला आणि दुसरा मागितला. तेवढं गोड पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. आदेशातल्या त्या शब्दाबद्दलची माझी पहिली शंका त्या दुसऱ्या लोट्यातली.

२. तहान लागलेल्याचा शब्द आधी शिकावा

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता टांगला होता. पहिलीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "डा." मला हर्ष झाला. तिची पाठ थोपटून म्हणालो, "शाब्बास! ड डमरूचा!" ती पुन्हा म्हणाली, "डा." मी पुन्हा शाबासकी दिली. ती रडायला लागली. शेवटी चौथीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, वो पानी मांग रही."

कोरकूत डा म्हणजे पाणी. त्या दिवसापासून मी वहीत शब्द लिहायला घेतले. कुला म्हणजे वाघ. सिपना म्हणजे साग. मेळघाटातल्या सिपना नदीचं नाव तेच. कोरो म्हणजे माणूस आणि मागे 'कू' लागला की अनेक. म्हणजे कोरकू या नावाचा अर्थ नुसता 'माणसं'. ही भाषा मराठीची कुणी लागत नाही, हिंदीची नाही, शेजारच्या गोंडीचीही नाही. तिचं गोत मुंडा भाषांचं. तिच्या सख्ख्या बहिणी, संथाळी आणि मुंडारी, पार झारखंडकडे नांदतात. ही एकटी इकडे पश्चिमेला, सगळ्यांत शेवटच्या टोकाला. संस्कृतातलं द्विवचन मराठीनं केव्हाच सोडलं. कोरकूत ते अजून चालतं. दोन माणसांसाठी वेगळा प्रत्यय, तिघांपासून वेगळा.

मग मी मोजणी मिया, बारी, आफई, ऊफुन, मोनोई अशी सुरू करून एक, दोन, तीनवर आणायला लागलो. पोरं महिन्याभरात पुढे सरकली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "मराठीच शिकवतोय, फक्त त्यांच्या दारातून आत जाऊन."

माझी भाची कॅनडात परिचारिका आहे. काही काळ ती उत्तरेला, जेम्स उपसागराच्या काठच्या चिसासिबी नावाच्या गावात होती. वस्ती क्री लोकांची. तिनं तिथल्या पाट्यांचे फोटो पाठवले: त्रिकोण, कमानी, टिंबं. एकच चिन्ह वेगवेगळ्या दिशेला वळवलं की स्वर बदलतो. ही लिपी १८४० साली जेम्स इव्हान्स नावाच्या पाद्र्यानं नॉर्वे हाउस इथे प्रचारात आणली, आणि व्यंजनाला स्वर जोडायची तिची कल्पना त्यानं देवनागरीवरून उचलली असावी, असं अभ्यासक मानतात. मला गंमत वाटली. आपल्या बाराखडीची सावली क्री पोरांच्या भाषेपर्यंत पोचली. त्यांच्याकडे सुरुवातीच्या इयत्ता क्रीतून शिकवतात. आमच्या 'डा' म्हणणाऱ्या पोरीला मात्र तीच बाराखडी भिंतीवर असून पाणी मिळत नव्हतं.

३. इतिहास पुस्तकात सापडला नाही तर झाडाखाली पाहावा

आमच्या डोक्यावरच्या डोंगरातच गाविलगड. १८०३च्या नोव्हेंबरात तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. हे मी मोठ्या आवेशात शिकवत होतो. एका पोरानं हात वर केला. "गुरुजी, तब हम किधर थे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला गावाबाहेरच्या झाडाखाली सापडलं. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाला पितरांत मिळवण्याचा एक विधी आहे, सिडोली. त्यात लाकडाची कोरीव फळी रोवतात. तिला म्हणतात मुंडा. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. काही फळ्या नव्या, काही वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या. पटेलबाबांनी मला एकेका फळीपाशी उभं करून माणूस सांगितला: हा वाघानं नेला, ह्यानं हे गाव बसवलं, हा साहेबाची लाकडं ओढता ओढता मेला.

तिथून धागा लागला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. त्यांना साग हवा होता. जंगलं राखीव झाली आणि तोडीला, वाहतुकीला, वणव्याच्या जाळरेषा काढायला माणूस हाताशी असावा म्हणून जंगलातच वस्त्या बसवल्या किंवा होत्या त्या ठेवल्या. त्यांना वनग्राम म्हणत. कसायला जमीन मिळायची, पण ती नावावर नसायची. १९७४ साली मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला, आणि ज्यांना कामासाठी जंगलात ठेवलं होतं तेच जंगलाला जड होऊ लागले. वनहक्काचा कायदा आला तो थेट २००६ साली.

त्या पोराला पुढच्या वर्षी उत्तर दिलं. "तुझे पणजोबा इथेच होते. सिपना तोडत होते आणि वाहत होते. पुस्तकात नाव फक्त गड घेणाऱ्याचं आहे."

४. हजेरीपटालाही ऋतू असतात

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर शाळा उघडली तर वर्गात मी आणि चार पोरं. बाकीचे आईबापांबरोबर खाली गेलेले, अकोला-अमरावतीच्या शेतांत तूर-हरभरा सोंगायला, संत्र्याच्या बागांत. मी पानभर लाल फुल्या मारल्या. होळीच्या आधी एके दिवशी सगळं गाव परत! होळी हा कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. माणूस कुठेही असो, तो घरी येणारच. मग ढोल-बासरी, रात्रभर नाच आणि फगवा. रस्त्यावर बायापोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून गाणी म्हणतात आणि फगवा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आमची गाडी अडवून माझ्याच विद्यार्थिनींनी माझ्याकडून वसुली केली आहे.

होळी होते न होते तोच मोह. फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत, जनावरांच्या आधी वेचावी लागतात. घरातलं प्रत्येक पोर झाडाखाली. मी 'शाळा बुडवता?' म्हणून ओरडत होतो, आणि एक बाई टोपलं खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मोहा आपके घंटी से नहीं गिरता."

दुसऱ्या वर्षी त्या दिवसांत मी शाळा उशिरा भरवायला लागलो. कागदावर वेळ तीच राहिली. ही लबाडी आता कबूल करायला हरकत नाही. भाचीनं सांगितलं की चिसासिबीकडे वसंतात रानहंस परतले की शाळांना रीतसर सुट्टी असते. घरंच्या घरं शिकारीच्या तळावर जातात आणि पोरं आजोबांकडून शिकतात. त्यांच्या पंचांगात हंसाला जागा आहे. आमच्या पंचांगात मोहाला अजून नाही.

५. भूक तारीख पाळून येते

हे लिहायला जड जातं, म्हणून थोडक्यात आणि सरळ लिहितो. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पुढाऱ्यांचे दौरे झाले, १९९५ला आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. त्या दिवसांत माझ्याकडे घरोघर फिरून तक्ते भरायचं काम आलं. एका घरी पोराचं वय विचारलं. आई म्हणाली, "पिछली बरसात का था." 'होता' हे माझ्या लक्षात यायला क्षण लागला. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

वर्षानुवर्षं पाहून कळलं ते असं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते. नेमकी तेव्हाच शेतात सगळ्यांत जास्त कामं असतात, म्हणून आई दिवसभर बाहेर आणि तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्याच महिन्यांत हिवताप, हगवण, निमोनिया. त्याच महिन्यांत नाल्यांना पूर आणि रस्ता बंद. आई स्वतःच अठरा-एकोणीस वर्षांची, अशक्त. हे सगळं एकाच पोरावर एकाच पंधरवड्यात येऊन कोसळतं. एकाला दोष देऊन हा हिशेब सुटत नाही.

आणखी एक गोष्ट घडली, ती हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर न येता. पूर्वी डोंगरउतारावर कोदो, कुटकी, सावा पेरत. पीक थोडं, पण आधी घरात यायचं. मग सोयाबीन आलं. सोयाबीन विकता येतं. शिजवून पोरापुढे ठेवता येत नाही. हातात पैसा आला आणि मडक्यातलं धान्य गेलं.

बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, उतावलीला डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव असे डॉक्टर इथे येऊन राहिले. त्यांच्याकडून एक शिकलो: येऊन जाणाऱ्याला भूक दिसत नाही. दौरे बहुतेक हिवाळ्यात होतात, रस्ता चांगला असतो तेव्हा. भूक पावसाळ्यात असते.

६. भूमक्याशी भांडून पोर वाचत नाही

आजारी पोराच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गावच्या भूमक्याच्या अंगावर धावून गेलो. भूमका म्हणजे पुजारी, वैद्य आणि सल्लागार, तिन्ही एकात. परिणाम एवढाच झाला की पुढची दोन वर्षं पोरं आजारी पडल्याचं माझ्या कानावरच येईना. चटके चालूच होते, फक्त माझ्या पाठीमागे.

मग एका पावसाळ्यात माझ्याच पायाला जखम चिघळली. रस्ता बंद होता. त्यानं कसलीशी साल वाटून लावली, रोज संध्याकाळी येऊन बांधली. ताप मात्र उतरेना. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "गुरुजी, ये मेरे हाथ का नहीं. नीचे चलो." माझी डोली बांधून तो पोपटखेडपर्यंत बरोबर आला.

आपल्या हातचं काय आणि काय नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी ते त्याला कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर आमचा करार झाला. मंत्र त्याचा, गोळी नर्सबाईची आणि लोखंड चुलीतच राहणार. शंभर टक्के पाळला गेला असं म्हणणार नाही. पण पोर घेऊन माझ्या दारात रात्री पहिला तोच यायला लागला.

७. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक ऐकू यायला हवा

२०१२च्या सुमारास गाव उठवण्याच्या बैठका सुरू झाल्या. मोहाच्या झाडाखाली सतरंजी, खुर्च्या, कागद. साहेब सज्जन होते, आवाज न चढवता हिंदीत बोलत होते. "हम सब मिलके सोचेंगे, हम नीचे जायेंगे, हमारे बच्चे आगे बढ़ेंगे." पटेलबाबा आता थकले होते. ते काठी टेकून उठले आणि म्हणाले, "साब, कौनसा हम?"

खुर्च्यांवरचे लोक हसले. म्हातारा चळला असं त्यांना वाटलं असावं. मी हसलो नाही, कारण मला प्रश्न कळला होता. कोरकूत 'आबुंग' म्हणजे तुम्हांला धरून आपण सगळे, आणि 'आले' म्हणजे तुम्हांला सोडून आम्ही. मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. हिंदीतला 'हम' दोन्ही गिळून टाकतो. पटेलबाबांचं विचारणं सरळ होतं: साहेब आमच्याबरोबर खाली येऊन राहणार आहेत का? नसतील, तर हे 'हम' कुणाचं?

खुर्च्यांच्या बाजूला कोरकू कळणारा माणूस एकच होता आणि तो मी. मी इतिवृत्त लिहीत होतो. मान वर केली असती, दोन वाक्यांत उलगडून सांगितलं असतं, तर कदाचित काहीच बदललं नसतं. पण प्रश्न निदान प्रश्न म्हणून नोंदला गेला असता. मी लिहिलं, "ग्रामस्थांनी प्रस्तावावर चर्चा केली." नोकरीतली ही माझी सगळ्यांत मोठी चूक. ती सुवाच्य अक्षरात आहे.

८. जवळ काय आलं आणि लांब काय गेलं, दोन्ही रकाने लिहावे

मेळघाटातून गावं उठायला आधीच सुरुवात झाली होती. बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अकोटकडे उतरली. पुढे धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, अमोना, नागरतास, बारूखेडा. आमचंही. तेव्हाच्या सुधारित योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपये, आणि अठरा पूर्ण झालेला मुलगा वेगळं कुटुंब. आकडा मोठा वाटला. घर, शेती, भांडं, जळतण सगळं त्यातूनच उभं करायचं म्हटल्यावर तो लहान होत गेला. काहींनी जमिनी घेतल्या, काहींनी मोटारसायकली. ज्यांनी आयुष्यात हजाराची नोट जपून वापरली, त्यांच्या हाती एकदम खातेपुस्तक आलं; हिशेब शिकवणारा मास्तर मीच होतो, तेव्हा फार बोलत नाही.

मी पुनर्वसनाच्या गावी जाऊ लागलो तेव्हा शाळेच्या सवयीनं दोन रकाने आखले. जवळ आलं: दवाखाना, एसटी, वीज, मोबाइलची रेंज, अकोटचं कॉलेज. लांब गेलं: जळतण, मोह, बांबू, खेकडे-मासे, गुरांचं गवत, देव, मुंड्यांच्या फळ्या. जिल्हाही बदलला. कागद अमरावतीचे आणि पाय अकोल्यात. एकेका दाखल्यासाठी दोन्हीकडे खेटे.

जवळच्या रकान्यालाही खोटं ठरवू नये. माझी एक विद्यार्थिनी अकोल्याला नर्सिंग शिकली. ती म्हणाली, "सर, माझं बाळंतपण वर असतं तर मी मेली असती. मले वापस नाही जायचं." तिचं खरं आहे. वर, मोकळ्या झालेल्या गावांच्या जागी गवत उभं राहिलं आहे आणि त्यात चितळं चरतात. तेही खरं आहे. आणि खाली आलेल्या काही गावांची माणसं पुन्हा डोंगर चढली, जानेवारी २०१९मध्ये जंगलात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली, हेही खरंच.

चिसासिबीची कथा भाचीकडून ऐकली तेव्हा मी गप्प झालो. ते गावही मुळातलं तिथलं नाही. नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज नावाचं बेट होतं. वर जलविद्युत प्रकल्पाची धरणं झाली आणि १९८०-८१मध्ये सगळी वस्ती काठावर आणून बसवली. त्याआधी १९७५ साली क्री लोकांनी सरकारशी लेखी करार केला होता. त्यातून त्यांना स्वतःचं शाळामंडळ मिळालं. बेटावर पूर्वजांची थडगी आहेत, आणि दर उन्हाळ्यात लोक होड्यांनी तिकडे जमतात. मला इथे अकोटात बसून ते चित्र अगदी ओळखीचं वाटलं. का, ते शेवटी सांगतो.

९. जंगल नावावर झालं की माणूस ते मोजून वापरतो

पुनर्वसन हाच एक रस्ता होता असं म्हणतात, तेव्हा मी पायविहीरचं नाव घेतो. परतवाड्याजवळच्या डोंगरपायथ्याचं हे छोटं गाव. खोज या संस्थेच्या मदतीनं गावानं सामूहिक वनहक्कासाठी पाठपुरावा केला आणि २०१२ साली १९२ हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. तो उजाड डोंगर होता. गावानं चराई आवरली, झाडं लावली, पाणी अडवलं. मग तिथली सीताफळं लोकांनी स्वतः प्रतवारी करून, खोक्यांत भरून मुंबईला पाठवली. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातलं गाव आणि पायथ्याचं गाव सारखं नसतं, हे मला कळतं. पण 'यांना जंगल राखता येत नाही' हे वाक्य मी त्यानंतर कुणाच्या तोंडून निमूट ऐकून घेतलं नाही. राखायला आधी ते आपलं असावं लागतं. आले नव्हे, आबुंग.

१०. निरोप घ्यायला परत जावं

धारगडला महादेवाचं ठाणं आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिथे मोठी यात्रा भरते. एरवी बंद असलेली वाट तेवढ्यापुरती उघडते आणि अकोट-तेल्हाऱ्याकडची हजारो माणसं, 'हर बोला' म्हणत, भिजत डोंगर चढतात. त्यांच्यात खाली उतरलेल्या गावांची माणसंही असतात. एकेकाळी यात्रेकरूंना पाणी पाजणारे आता स्वतः यात्रेकरू होऊन येतात आणि संध्याकाळी उतरून जातात.

निवृत्तीनंतर मीही गेलो. गुडघ्यांमुळे मागे पडत होतो. पुढे एक म्हातारी चालली होती. तिची नात तिचा हात धरून. म्हातारीनं मला आधी ओळखलं. पटेलबाबांची सून. बाबा खाली गेल्यावर दोन पावसाळे राहिले, ती म्हणाली. त्यांची फळी कुठे रोवली, हे मी विचारलं नाही.

डोंगरावरून धार कोसळत होती. तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या आणि वाकून भरायला लागली. नात कंटाळली. पुनर्वसनाच्या गावात जन्मलेलं पोर, बोलणं अस्सल वऱ्हाडी: "काय वो आजी, घरी नळ हाय ना! कायले वझं नेतं?"

म्हातारीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग नातीला नाही, मला म्हणाली, "नल है गुरुजी. पानी भी आता. डा नहीं आता."

दुसरी बाटली तिनं माझ्या हातात दिली.